एका पानाचे नियम, एका संध्याकाळची लढाई : सोलापुरातील मेळाव्यात वॉरगेम कशी खेळवावी

छोट्या सैनिकांच्या साहाय्याने टेबलावर खेळल्या जाणाऱ्या वॉरगेमकडे वळू पाहणाऱ्या माणसाची पहिली अडचण पैशाची असते, असा समज आहे. माझ्या मते ती नियमांच्या जाडीची असते. बाजारात मिळणाऱ्या मोठ्या खेळांचे नियम पुस्तकभर पसरलेले असतात. प्रत्येक तुकडीचे गुणांक वेगळे, प्रत्येक शस्त्राला अपवाद वेगळा. चार तासांसाठी मिळालेल्या सभागृहात नवख्या माणसाला ते समजावून सांगता सांगताच वेळ संपतो, त्याच्या हाती फासे येतच नाहीत आणि पुढच्या वेळी तो फिरकत नाही. म्हणून स्थानिक मेळाव्यात खेळवायची लढाई अशी असावी की तिचे सगळे नियम एका पानावर मावतील, एक सामना दीड तासात निकाली निघेल आणि आलेल्या माणसाला काहीही विकत न घेता पहिल्याच दिवशी खेळता येईल. या तीन अटी पाळून खेळ कसा उभा करावा, ते येथे सविस्तर सांगतो.

नियम कमी केले म्हणजे खेळ पोरकट झाला, असे मानणाऱ्यांनी या खेळाचा इतिहास पाहावा. प्रशियाच्या सैन्यातील राइसविट्झ या तरुण अधिकाऱ्याने १८२४ मध्ये ‘क्रीगश्पील’ हा नकाशावरचा युद्धखेळ सैन्यापुढे मांडला. त्यात फासे होते, नुकसान ठरवणारे तक्ते होते आणि दोन्ही बाजूंच्या आज्ञा वाचून निकाल देणारा पंच होता. सैन्याने तो अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी स्वीकारला, परंतु तक्ते आणि हिशेब यांचा भार इतका वाढत गेला की १८७६ मध्ये फॉन व्हेर्डी द्यू व्हेर्न्वा या प्रशियन सेनाधिकाऱ्याने ते बाजूला ठेवून अनुभवी पंचाच्या निर्णयावर खेळ चालवण्याची मोकळी पद्धत पुढे आणली. ज्यांचा व्यवसायच युद्ध होता, त्यांनाही नियमांची कात्री चालवावी लागली. रविवारी विरंगुळ्यासाठी जमणाऱ्या आपण ती चालवायला संकोचण्याचे कारण नाही.

जागा आणि वेळ

जागा निवडताना उजेड, टेबले आणि पंखा यांचा विचार आधी करावा. वाचनालयाची खोली, गृहनिर्माण संस्थेचे सभागृह किंवा रविवारी रिकामा असणारा शाळेचा वर्ग, यांपैकी काहीही चालते. पार्क चौक किंवा सात रस्त्याच्या आसपास जागा मिळाली तर जुळे सोलापूर, होटगी रस्ता आणि अशोक चौक अशा निरनिराळ्या दिशांनी येणाऱ्यांना ती सारखीच सोयीची पडते. मार्चपासून पहिला पाऊस पडेपर्यंत दुपारचा मेळावा ठेवूच नये; ४० अंशांच्या वर गेलेल्या उन्हातून आलेल्या माणसाला नियम ऐकण्याचा धीर उरत नाही. त्या दिवसांत संध्याकाळी साडेपाचनंतर जमावे आणि वीज गेली तर हाताशी असावा म्हणून बॅटरीवर चालणारा एक दिवा जवळ ठेवावा. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरलेली असताना होम मैदानाच्या परिसरातली जागा टाळावी.

पंख्याचा उल्लेख मुद्दाम केला, कारण सोलापुरात पंख्याविना बसणे वर्षातील बराच काळ अशक्य असते आणि पंख्याखाली कागदी सैनिक उभे राहत नाहीत. यावरचा उपाय पुढे सैनिकांच्या संदर्भात येईल.

पट

पटासाठी परदेशी बनावटीची छापील रबरी चटई मागवण्याची आपल्याला मुळीच गरज नाही, कारण या खेळासाठी लागणारे सर्वांत चांगले कापड आपल्याच शहरात विणले जाते. सोलापुरी टर्किश टॉवेलच्या पृष्ठभागावर सुताचे बारीक वेटोळे असतात आणि टेबलावर पसरल्यावर ते दुरून गवताळ माळासारखे दिसतात. हिरवा किंवा मातकट रंगाचा, एकरंगी, आंघोळीच्या मापाचा एक टॉवेल घ्यावा. त्याचे प्रचलित माप ३० इंच रुंद आणि ६० इंच लांब असते, आणि सभागृहांत असणाऱ्या घडीच्या लांबट टेबलावर ते नेमके बसते. समोरासमोर बसलेल्या दोघांचाही हात ३० इंचांच्या पटावर कोठेही पोहोचतो, ही सोय मोठ्या चौरस पटावर मिळत नाही. टॉवेल फार जाड घेऊ नये. जाड विणीत सैनिकांचे तळ अडकतात आणि हलके सैनिक कलंडतात. टेबलाच्या कडांना तो कपडे वाळवण्याच्या चिमट्यांनी ताणून लावावा.

सोलापुरी चादर मात्र पट म्हणून अंथरू नये. तिच्यावरील जकार्डची ठसठशीत नक्षी इतकी बोलकी असते की तिच्यावर उभे केलेले सैनिक डोळ्यांना सापडत नाहीत. चादरीचा उपयोग टॉवेलच्या खाली करावा: घडी घालून ती टॉवेलखाली सरकवली की उतार असलेली टेकडी तयार होते, आणि घड्या कमी-अधिक करून टेकडीची उंचीही बदलता येते. ओढ्यासाठी निळ्या कापडाची पट्टी, गावासाठी रिकाम्या काडेपेट्या, दगडी बांधासाठी चपट्या खड्यांची रांग आणि झाडीसाठी वाळक्या काटक्यांचे तुकडे पुरेसे होतात. आपल्या जिल्ह्यातील खरा भूभाग उघडा माळ, मधूनच ओढा आणि बाभळींचे बेट असाच आहे, त्यामुळे पटावर वस्तूंची गर्दी करू नये. एक टेकडी, दोन ठिकाणी झाडी, एक बांध आणि एक ओढा एवढे असले की दोन्ही खेळाडूंना विचार करायला पुरेसे मिळते. झाडीची सीमा नेमकी कोठे आहे, हे दिसावे म्हणून काटक्यांच्या खाली गडद रंगाच्या कापडाचा तुकडा ठेवावा; सीमा स्पष्ट नसली की अर्धे वाद तेथेच सुरू होतात.

सैनिक

प्रत्येक बाजूला सहा तुकड्या आणि प्रत्येक तुकडीत चार सैनिक, म्हणजे एका बाजूला २४ आणि दोन्ही मिळून ४८ सैनिक लागतात. त्याशिवाय प्रत्येक बाजूला एक सरदार असतो. मेळावा भरवणाऱ्याने दोन्ही फौजा स्वतः आणाव्यात, हा माझा आग्रह आहे. ‘आपापली फौज घेऊन या’ असे सांगितले की ज्याच्याकडे फौज नाही तो घरीच थांबतो, आणि मेळावा तर त्याच माणसासाठी असतो.

सुरुवातीला कागदी सैनिक सर्वांत उत्तम. सुमारे ३० मिलिमीटर उंचीचे चित्र, वर पुढची बाजू आणि खाली उलटी पाठची बाजू असे जाड कागदावर छापून घ्यावे, मध्ये घडी घालून चिकटवावे आणि कापावे. झेरॉक्सच्या दुकानात २५० जीएसएमच्या आसपासचा कागद चालतो. प्रत्येक सैनिकाला साधारण एक इंच व्यासाचा पुठ्ठ्याचा तळ द्यावा आणि तळाखाली हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा लोखंडी वायसर चिकटवावा. एवढे वजन मिळाले की पंखा चालू असतानाही सैनिक जागेवर राहतो. एका फौजेच्या तळांच्या कडा पिवळ्या आणि दुसरीच्या निळ्या रंगवल्या तर कोणाचा सैनिक कोणता, हे नवख्यालाही लगेच कळते.

प्लास्टिकचे सैनिक घ्यायचे असतील तर १:७२ या प्रमाणातले घ्यावेत; त्यांतील माणूस सुमारे २४ मिलिमीटर उंच असतो आणि आपल्या पटाच्या मापाला तो शोभतो. २८ मिलिमीटरचे धातूचे, रेझिनचे किंवा थ्रीडी प्रिंटरवर काढलेले सैनिक देखणे असतात, पण ते पुढची पायरी म्हणून ठेवावेत. रंगकामाबद्दल येथे एवढेच सांगतो की ॲक्रिलिक रंग आपल्या उन्हाळ्यात ब्रशवरच वाळतात, म्हणून झाकणाच्या डब्यात ओला स्पंज, त्यावर बटर पेपर आणि त्यावर रंग असे ठेवून काम करावे.

दिवाळीच्या किल्ल्यावर मांडले जाणारे मातीचे मावळे हे आपल्यापैकी अनेकांचे पहिले छोटे सैनिक असतात, त्यामुळे तेच पटावर आणावेत असे वाटणे स्वाभाविक आहे. त्यांची मापे एकमेकांशी जुळत नाहीत आणि ते हाताळताना तुटतात, म्हणून त्यांचा उपयोग गाव किंवा चौकी दाखवण्यापुरता करावा. छत्रपती शिवाजी महाराजांची मूर्ती मात्र पटावर सैनिक किंवा सरदार म्हणून ठेवू नये. खेळात जो मोहरा मागे हटवला जातो किंवा बाद होऊन टेबलावरून उचलला जातो, त्या जागी महाराजांची मूर्ती असणे कोणालाच रुचणार नाही, आणि खेळासाठी त्याची आवश्यकताही नाही.

नियमांचे पान

आता मूळ विषयाकडे येऊ. पुढील नियम मोठ्या अक्षरांत एका पानावर लिहून त्याच्या दोन प्रती टेबलावर ठेवाव्यात. सोलापुरात एकाच टेबलाभोवती मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी बोलणारी माणसे असतात, म्हणून पानावर मजकूर थोडा आणि फाशांची चित्रे व अंतरांचे आकडे जास्त असावेत.

प्रत्येक बाजूला पायदळाच्या तीन, घोडदळाच्या दोन आणि बंदूकधाऱ्यांची एक तुकडी असते. फौजा टॉवेलच्या लांब कडांना, कडेपासून ६ इंचांच्या आत मांडल्या जातात, म्हणजे मध्ये १८ इंचांचे अंतर उरते. सामना सहा फेऱ्यांचा असतो. प्रत्येक फेरीच्या आरंभी दोघांनी एकेक फासा टाकावा. ज्याचा आकडा मोठा, तो आपली कोणतीही एक तुकडी चालवतो, मग दुसरा आपली एक तुकडी चालवतो, आणि असे आळीपाळीने सगळ्या तुकड्या चालून झाल्या की फेरी संपते. चाल झालेल्या तुकडीजवळ एक चिंचोका ठेवावा आणि फेरीच्या शेवटी सगळे चिंचोके उचलावेत.

आळीपाळीने एकेक तुकडी चालवण्याच्या या नियमावर मी इतका भर देतो, याचे कारण आहे. अनेक जुन्या खेळांत एक खेळाडू आपली संपूर्ण फौज चालवतो आणि तोवर दुसरा हातावर हात ठेवून बसतो. कसलेला खेळाडू त्या वेळात डाव रचतो, पण नवख्या माणसाचे लक्ष उडते. आळीपाळीच्या पद्धतीत प्रत्येक मिनिटाला काही तरी ठरवावे लागते, आणि आपण कोणती तुकडी आधी चालवावी, हाच खेळातला सर्वांत रंजक प्रश्न होऊन बसतो. सहा फेऱ्यांत दोघांच्या मिळून जास्तीत जास्त ७२ चाली होतात. तुकड्या बाद होत गेल्या की त्याहून कमी. एका चालीला सरासरी एक मिनिट धरले तरी सामना सव्वा तासाच्या आत संपतो.

आपल्या चालीत तुकडीने तीनपैकी एकच गोष्ट करावी: हलावे, गोळीबार करावा किंवा हल्ला चढवावा. पायदळ आणि बंदूकधारी ६ इंच हलतात, घोडदळ १० इंच हलते. झाडी, ओढा आणि टेकडीचा चढ यांत हे अंतर निम्मे होते. अंतर शिंप्याच्या टेपने, तळाच्या कडेपासून मोजावे. चाल ठरवण्याआधी मोजून पाहण्याची मुभा दोघांनाही असावी. नजरेने अंतर ओळखण्यात कौशल्य आहे खरे, पण या खेळात आपण ते कौशल्य तपासत नाही. टेप सारखा उलगडण्यापेक्षा ६, १० आणि १२ इंच लांबीच्या तीन काड्या कापून ठेवल्या तर काम आणखी लवकर होते.

गोळीबार फक्त बंदूकधारी करतात, तोही १२ इंचांपर्यंत आणि शत्रू दिसत असेल तरच. तुकडीत जितके सैनिक उरले असतील तितके फासे टाकावेत. शत्रू उघड्यावर असेल तर ५ किंवा ६ पडल्यावर त्याचा एक सैनिक बाद होतो. झाडीत किंवा बांधामागे असेल तर फक्त ६ पडल्यावर. या एका आकड्याच्या फरकाचा अर्थ खेळाडूंना समजावून सांगावा. चार बंदूकधाऱ्यांच्या एका बारीत उघड्यावरचा किमान एक सैनिक बाद होण्याची शक्यता सुमारे ८० टक्के असते. तीच आडोशामागच्या शत्रूबाबत सुमारे ५२ टक्क्यांवर येते. हे आकडे ऐकले की माणूस आपली तुकडी माळावरून नेण्याऐवजी बाभळींच्या बेटाकडे वळवतो, आणि त्या क्षणी त्याला डावपेच कळायला लागलेले असतात.

हल्ला चढवायचा असेल तर शत्रूची तुकडी आपल्या हालचालीच्या अंतरात असली पाहिजे. तुकडी शत्रूला भिडवावी आणि दोन्ही बाजूंनी एकाच वेळी, उरलेल्या सैनिकांइतके फासे टाकावेत. दोघांनाही ५ किंवा ६ लागतो. याला दोनच अपवाद आहेत: उघड्या सपाटीवर हल्ला चढवणाऱ्या घोडदळाला ४ पुरतो, आणि उंचावर किंवा बांधामागे उभे राहून हल्ला झेलणाऱ्याला ४ पुरतो, दुसरा अपवाद लागू असेल तेव्हा पहिला लागू होत नाही. घोडदळाला झाडीत हल्ला चढवता येत नाही. ज्याचे अधिक सैनिक बाद झाले, तो ६ इंच मागे हटतो आणि त्याच्या वाटेतील त्याच्याच तुकड्या त्याला वाट देतात. बरोबरी झाली तर हल्ला करणारा २ इंच मागे येतो. हल्ला झालेली तुकडी त्या फेरीत आधी चालली असो वा नसो, ती प्रतिकार करतेच.

आता धीर. एखाद्या तुकडीचे सैनिक बाद होऊन दोन किंवा कमी उरले, तर तिच्यासाठी लगेच एक फासा टाकावा. १ किंवा २ पडला तर ती तुकडी पळून जाते आणि टेबलावरून उचलली जाते. सरदार एखाद्या तुकडीसोबत असतो आणि तिच्याबरोबरच हलतो. त्याच्यापासून ६ इंचांच्या आत असणारी तुकडी फक्त १ पडल्यावरच पळते. सरदाराची तुकडी बाद झाली तर सरदार जवळच्या दुसऱ्या तुकडीत जातो. हा धीराचा नियम कापून पान आणखी लहान करण्याचा मोह होतो, पण तो कापू नये. फौजा शेवटच्या माणसापर्यंत क्वचितच लढल्या आहेत; बहुतेक लढाया एका बाजूचा धीर सुटल्यावर संपल्या आहेत. हा नियम काढला तर उरतो तो केवळ सैनिक मोजण्याचा खेळ.

पानाच्या तळाशी वादासंबंधीचा एक नियम ठळक लिहावा. नियमाच्या अर्थावरून मतभेद झाला आणि तो अर्ध्या मिनिटात मिटला नाही, तर फासा टाकावा: १ ते ३ पडल्यास एकाचे म्हणणे, ४ ते ६ पडल्यास दुसऱ्याचे म्हणणे मान्य करून खेळ पुढे न्यावा आणि चर्चा सामन्यानंतर करावी. शत्रू दिसतो की नाही, याचा वाद असेल तर दोन तळांमध्ये दोरा ताणून पाहावा. फासे बुटांच्या खोक्याच्या झाकणात टाकावेत. बाहेर गेलेला किंवा तिरका अडकलेला फासा पुन्हा टाकावा.

पहिला सामना

नवखा खेळाडू आला की त्याला हे सगळे पान वाचून दाखवू नये. आळीपाळीची चाल आणि हालचालीची अंतरे एवढेच सांगून खेळ सुरू करावा. पहिल्या फेरीत फौजा एकमेकींपासून दूर असल्याने सहसा दुसरे काही लागत नाही. पहिली बंदूक डागण्याची वेळ आली की गोळीबार समजवावा, पहिला हल्ला झाला की हातघाई समजवावी, पहिली तुकडी निम्मी झाली की धीराचा फासा. तीन फेऱ्यांत सगळे नियम सांगून होतात आणि प्रत्येक नियम ज्या घटनेसाठी आहे ती घटना समोर घडत असताना सांगितला गेल्याने तो लक्षात राहतो.

पहिल्या सामन्यासाठी उद्दिष्ट एकच ठेवावे: पटाच्या मध्यभागी एक टेकडी, आणि सहाव्या फेरीच्या शेवटी तिच्यावर ज्याचे सैनिक अधिक, तो जिंकला. शत्रूचे किती सैनिक बाद केले, यावर विजय ठरवू नये. तसे केले की दोघेही बंदूकधाऱ्यांच्या आडोशाला बसून राहतात.

शिकवणाऱ्याने स्वतः समोरच्या बाजूने खेळू नये. त्याने पंच म्हणून टेबलाच्या आखूड कडेला बसावे आणि दोन नवख्यांना एकमेकांविरुद्ध खेळू द्यावे. खेळाडूने विचारल्याशिवाय ‘ही तुकडी तिकडे न्या’ असे सुचवू नये. चुकीची चाल दिसत असताना गप्प राहणे अवघड जाते, परंतु आपल्या चुकीच्या चालीचा परिणाम दोन फेऱ्यांनंतर स्वतः पाहिलेला माणूस जे शिकतो, ते सल्ल्याने शिकत नाही. वडीलधारी मंडळी नातवंडांना घेऊन येतात, तेव्हा प्रत्येक बाजूला एक मोठा आणि एक लहान अशी जोडी करावी. मोठ्याने चाल ठरवताना लहानाचे मत विचारावे आणि फासे लहानाने टाकावेत. अगदी लहान मुलांच्या हाती फासे, वायसर आणि चिंचोके पडणार नाहीत, याची काळजी घ्यावी.

प्रसंग

टेकडीचा सामना दोन-तीनदा खेळून झाला की इतिहासातील प्रसंग घ्यावेत, आणि आपल्या इतिहासात लहान पटावर मावणारे प्रसंग विपुल आहेत. प्रसंग निवडताना लढाई प्रसिद्ध आहे की नाही, यापेक्षा दोन्ही बाजूंपुढे वेगवेगळा प्रश्न आहे की नाही, हे पाहावे.

१६६० मधील पावनखिंडीचा प्रसंग या दृष्टीने अप्रतिम आहे. बाजीप्रभू देशपांडे यांना शत्रूचा पराभव करायचा नव्हता. महाराज विशाळगडावर पोहोचून तोफांचा इशारा होईपर्यंत वेळ काढायचा होता. पटावर दोन्ही बाजूंना चढता न येणारे डोंगर मांडून मध्ये ६ इंचांची खिंड सोडावी. रोखणाऱ्या बाजूला पायदळाच्या चार तुकड्या आणि सरदार द्यावा आणि खिंडीत उभी असलेली तुकडी उंचावर आहे असे मानावे. चाल करून येणाऱ्या बाजूला नेहमीच्या सहा तुकड्या खिंडीपासून १२ इंचांवर द्याव्यात. चौथ्या फेरीच्या शेवटापासून प्रत्येक फेरीअखेर एक फासा टाकावा; ४ किंवा अधिक पडला की तोफांचा इशारा झाला. सहाव्या फेरीच्या शेवटी तो आपोआप होतो. त्याआधी शत्रूची एकही तुकडी खिंडीपलीकडे गेली नाही, तर रोखणारा जिंकला. इशारा केव्हा होणार, हे रोखणाऱ्याला ठाऊक नसल्यामुळे आपली मागची तुकडी पुढे केव्हा आणायची, हा निर्णय प्रत्येक फेरीत जिवावर येतो.

१६६१ च्या उंबरखिंडीत कारतलबखानाची फौज जंगलातील अरुंद वाटेवर पुढून आणि मागून कोंडली गेली. तो प्रसंग टॉवेलच्या लांबीने खेळावा: मधून वाट, दोन्ही लांब कडांना दाट झाडी, वाटेवर एकामागे एक उभी असलेली मोगल फौज आणि झाडीत लपलेले मावळे. मोगल बाजूने तीन तुकड्या कोणत्याही एका टोकाने बाहेर काढल्या तर ती जिंकली.

आपल्या शहराचाच प्रसंग हवा असेल तर मे १८१८ घ्यावा. जनरल मन्रोच्या फौजेने सोलापूरची पेठ घेतल्यानंतर पेशव्यांची फौज मोकळ्या माळावरून मागे हटू लागली आणि इंग्रजांच्या घोडदळाने तिचा पाठलाग केला. माघार घेणाऱ्या पायदळाच्या सहा तुकड्या टॉवेलच्या मध्यावर आणि पाठलाग करणाऱ्या घोडदळाच्या चार तुकड्या त्यांच्या मागे १२ इंचांवर ठेवाव्यात. कडेपर्यंतचे ३० इंच चालायला पायदळाला पाच फेऱ्या लागतात आणि घोडदळ तिसऱ्या फेरीच्या सुमारास गाठते. म्हणजे कोणती तुकडी मागे वळून उभी ठाकणार आणि कोणत्या तुकड्या सुटणार, हे माघार घेणाऱ्याला वेळीच ठरवावे लागते.

भुईकोट किल्ल्याचा वेढा मात्र या नियमांनी खेळू नये. दुहेरी तटबंदी, खंदक आणि एका अंगाला सिद्धेश्वर तलाव अशी ती रचना प्रत्यक्ष जाऊन जरूर पाहावी, कारण जमिनीवरचा किल्ला कसा राखला जात असे, हे तेथे उमगते. पण वेढा म्हणजे दिवसेंदिवस वाट पाहणे. सहा फेऱ्यांत त्याला न्याय देता येत नाही. आणि मे १९३० मधील मार्शल लॉ किंवा १२ जानेवारी १९३१ रोजी फासावर गेलेले आपले चार हुतात्मे, हे विषय पटावर कधीही आणू नयेत. ती दोन फौजांची लढाई नव्हती, आणि या शहरातील कुटुंबांच्या आठवणीत ते दिवस अजून जिवंत आहेत.

नियम वाढवायचे झाल्यास

चार-सहा सामन्यांनंतर कोणी तरी तोफ मागतो, कोणी भालाईत मागतो, कोणी हत्ती मागतो. मागणी झिडकारू नये, पण एका मेळाव्यात एकच नवा नियम घ्यावा आणि तो पानाच्या पाठीमागे पेन्सिलीने लिहावा. उदाहरणार्थ, तोफेला पल्ला २४ इंच, हालचाल ३ इंच आणि दोन फासे, असे ठरवून दोन सामने खेळावेत आणि दुसऱ्या सामन्यात खेळाडूंनी बाजू बदलाव्यात. दोन्ही वेळा तोफेची बाजू सहज जिंकली, तर पल्ला कमी करावा किंवा तिच्या बदल्यात एक घोडदळाची तुकडी काढून घ्यावी. तोफ आली तरी पान एकच राहिले पाहिजे. नवा नियम पुढच्या बाजूला शाईने उतरवायचा असेल आणि जागा उरली नसेल, तर आधी कोणता जुना नियम पुसायचा, हे त्याच टेबलाभोवती बसलेल्या सर्वांनी मिळून ठरवावे.